लांबच्या प्रवासाची पहिली सायकल

सुट्टी जवळ आली की वरच्या वर्गांतील मुले आमच्याकडे सायकलीचा विषय काढतात. तारनाक्याहून उप्पल, घटकेसर, भोंगीरमार्गे यादगिरीगुट्टा सुमारे ५५ किलोमीटर. आई-वडिलांबरोबर तेथवर सायकलने जावे, ही इच्छा चांगलीच आहे. अडचण येते ती दुकानात. मुलांना जाड टायर आणि पुढे शॉकअप हवे असतात, पालक म्हणतात, "एक नंबर मोठी घेऊ, दोन वर्षे चालेल."

आम्हांला दोन्ही पटत नाही. बेताच्या किमतीतले शॉकअप वजन वाढवतात आणि चढावर दमवतात. मोठ्या सायकलीने कंबर, गुडघे दुखतात. एकदम थांबावे लागले तर पाय टेकत नाहीत. दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. साधी पोलादी फ्रेम, मागे कॅरिअर बसवण्याची सोय, चढासाठी हलका गिअर आणि मध्यम रुंदीचे टायर एवढे पुरे. ट्यूब वाटेवरच्या गावात मिळेल अशीच असावी.

सगळे पैसे सायकलीवरच घालू नयेत. हेल्मेट, पंप, पंक्चरचे सामान आणि मागचा दिवा यांसाठी थोडे राखून ठेवावेत. आधी सामान बांधून उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात चालवून पाहावी.

पालकांना विनंती एवढीच, की खरेदीला मुलाला बरोबर न्यावे आणि निघण्यापूर्वी त्याला पंक्चर काढता आले पाहिजे. आणि मुलीने सायकल मागितली, तर "तुला कशाला?" असे कृपया म्हणू नये.