नंबर दाखवा, नाहीतर नाका सोडा

वरसावे नाका, फाउंटन जंक्शन, काजूपाडा, चेणे आणि घोडबंदर गावाच्या रस्त्यावर टेबल-छत्री टाकून किंवा गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून घरं विकणाऱ्या प्रत्येक एजंटासाठी हा जाहीर इशारा आहे. ज्याच्याकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, चालू नोंदणी क्रमांक आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. त्याने धंदा करावा, ठरलेली दलाली हक्काने घ्यावी. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याला हे छापून आल्या दिवसापासून 15 दिवसांची मुदत आहे. त्यानंतर त्याच्या बोर्डाची, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीची आणि हातात दिलेल्या कच्च्या पावतीची तक्रार होणार.

आम्ही म्हणजे इथले रहिवासी. काहींची घरं झाली, काहींचे पैसे गेले आणि ते अजून भाड्याच्या खोलीत दिवस काढतायत.

‘मी फक्त साइट दाखवतो, पुढचं तुम्ही आणि बिल्डर बघा,’ असं सांगून तुम्ही आजवर हात झटकत आलात. यापुढे ते चालणार नाही. स्थावर संपदा कायदा 2016 चा. त्याची मुख्य कलमं 1 मे 2017 पासून लागू आहेत आणि त्यात एजंटाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. कलम 9 म्हणतं, नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटाची स्वतःची नोंदणी हवी. कलम 10 म्हणतं, ज्या प्रकल्पाची नोंदणीच नाही त्याला हात लावायचा नाही, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची. हे मोडलं तर कलम 62 नुसार चूक चालू असेपर्यंत रोज 10 हजार रुपये दंड, एकूण रक्कम घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. 60 लाखांच्या फ्लॅटवर हे 3 लाख होतात. एवढी दलाली तुम्हाला मिळते का, याचा हिशेब एकदा मांडून बघा.

नोंदणीचा खर्च परवडत नाही, ही सबब आमच्यापुढे आणू नका. एकट्या माणसासाठी 5 वर्षांच्या नोंदणीचं शुल्क 10 हजार रुपये आहे, फर्म किंवा कंपनीसाठी 1 लाख. प्रशिक्षण आणि परीक्षेची अट महारेराने 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने घातली, मुदत वाढवून दिली आणि 1 जानेवारी 2024 पासून ती सगळ्यांना बंधनकारक केली. तरीही ज्यांनी ती पूर्ण केली नाही, अशा सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी 2024 मध्ये एका वर्षासाठी स्थगित झाली. त्याआधी साडेतेरा हजारांहून जास्त नोंदण्या नूतनीकरण न केल्यामुळे रद्द झाल्या होत्या. राज्यात तोवर नोंदलेले एजंट सुमारे 47 हजार. यातले कितीतरी जण जुना नंबर छापलेलं कार्ड अजून वाटत असतील. असं कार्ड वाटणारा आणि नंबरच नसलेला, दोघांनाही आम्ही एकाच मापाने मोजणार आहोत.

नंबरांचा खेळ कसा चालतो, तेही आता लोकांना उघड सांगतो. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने. कार्डावर ‘रेरा रजिस्टर्ड’ अशी ठळक ओळ, खाली ‘पी’वाला नंबर, आणि माणसाचा स्वतःचा ‘ए’वाला नंबर कुठेच नाही, अशी कार्डं सर्रास फिरतात. गिऱ्हाईक नंबर बघतं आणि निश्चिंत होतं. दुसरा प्रकार याहून वाईट. महारेराकडे एकाच संकुलाचे टप्पे वेगवेगळे नोंदवता येतात. मग पहिल्या टप्प्याचा नंबर दाखवून दुसऱ्या, नोंदणी न झालेल्या टप्प्यातले फ्लॅट ‘प्री-लाँच’ म्हणून विकले जातात. कलम 3 प्रमाणे नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री सोडाच, घ्यायला या असं आमंत्रणसुद्धा देता येत नाही. तुम्ही अशा बुकिंगलाच ‘टोकन’ म्हणता आणि पैसे घेता.

आमच्यातल्या एका कुटुंबाकडे अशी एक पावती आहे. वहीच्या पानावर निळ्या शाईत रक्कम, खाली ‘ॲडजस्टेबल’ असा शब्द, एक सही आणि मोबाईल नंबर. बिल्डरचं नाव नाही, विंग नाही, मजला नाही, चटई क्षेत्रफळ नाही. तो मोबाईल आता लागत नाही. घरच्या बाईंनी मंगळसूत्र गहाण ठेवून ही रक्कम उभी केली होती. त्या पावतीची नक्कल आम्ही जपून ठेवली आहे आणि तशा आणखी पावत्या गोळा करतो आहोत.

आता इथे काय विकलं जातं ते बघा. गिऱ्हाइकाला सांगतात, ‘दादा, हा घोडबंदर रोड आहे, ठाणंच धरा.’ वरसावे मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. पाणी, कर आणि बांधकाम परवानगी सगळं तिथून. ठाण्याच्या नावावर भाव चढवून घर विकणं ही दिशाभूल आहे. गायमुख घाटातल्या कोंडीचा विषय निघाला की बोगदा पुढे येतो, ‘दोन वर्षांत गायमुखवरून थेट’. गायमुख ते फाउंटन जंक्शन बोगदा आणि पुढे भाईंदरपर्यंतचा उन्नत मार्ग, या कामांच्या निविदा एमएमआरडीएने मे 2025 मध्ये रद्द केल्या. काम पुढे होईलही, पण ज्या कामाची निविदा रद्द झाली त्याची तारीख सांगून तुम्ही माणसाला 20 वर्षांच्या कर्जात घालता. नवा वरसावे पूल 2023 मध्ये सुरू झाला, तो डोळ्यांना दिसतो. जे दिसतं तेवढंच विका.

आणि जंगलाला लागून असलेले ‘हिल व्ह्यू’ प्लॉट. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र डिसेंबर 2016 मध्ये अधिसूचित झालं, तिथे बांधकामाला कडक बंधनं आहेत. खाडीच्या बाजूला कांदळवन आणि त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा, तिथे उच्च न्यायालयाने बांधकामाला मनाई केली आहे. पाड्यांवरची आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. वारली, कातकरी कुटुंबाच्या सातबाऱ्यावरची जमीन नोटरी कागदावर गुंठ्या-गुंठ्याने विकणारा एजंट दोन घरं एकदम बुडवतो, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. अशा एजंटाला आमच्याकडून 15 दिवसांची सवलतही नाही.

‘महारेराचा नंबर आहे ना, मग झालं’ असं समजणाऱ्यांनी कल्याण-डोंबिवली आठवावी. तिथे महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवले गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडायचा आदेश दिला. महारेराने परवानग्यांची पडताळणी कडक केली, पण ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. खाडीपलीकडे नालासोपाऱ्यात तर सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या केलेल्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. ती घरं लोकांना कुणीतरी दाखवून, समजावून, सही करायला लावूनच विकली होती. इमारत पडली तेव्हा लोक सामान घेऊन रस्त्यावर आले आणि दलालीचे पैसे मात्र दलालाच्या खिशातच राहिले.

बिल्डरांनाही सांगणं आहे. प्रशिक्षण न घेतलेल्या एजंटांच्या हातात तुमची ब्रोशरं देऊ नका. महारेराने प्रमाणपत्रधारक एजंटांचीच नावं प्रकल्पाच्या माहितीत द्यायला सांगितलं आहे. जाहिरातीवर क्यूआर कोड ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा आहे, तो नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड. तुमच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आम्ही ओळखत नाही, असं उद्या म्हणाल तर त्याचे तुमच्या साइट ऑफिसमधले फोटो आमच्याकडे असतील.

महापालिकेने नाक्यावरचे विनापरवाना बोर्ड आणि छत्र्या उचलाव्यात, आणि वरसावे-चेणे पट्ट्यातल्या मंजूर प्रकल्पांची यादी प्रभाग कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. कायद्यातली एक उणीव मात्र सरकारने भरून काढलीच पाहिजे. पुनर्विक्रीचे आणि भाड्याचे व्यवहार करणारे एजंट बहुतांशी या नोंदणीच्या चौकटीबाहेर राहतात आणि गरीब माणूस जास्त त्यांच्याकडेच जातो.

घर बघायला येणाऱ्यांनी एवढं करा. एजंटाचा ‘ए’ क्रमांक मागा आणि त्याच्यासमोरच महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. प्रकल्पाचा ‘पी’ क्रमांक टाकून विंग आणि मजला जुळतो का ते तपासा, आणि बांधकाम परवानगी महापालिकेकडून पडताळून घ्या. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती मागताही येत नाही. रोख अजिबात नको. चेक बिल्डरच्या प्रकल्पाच्या खात्यावर, एजंटाच्या नावावर नव्हे.

आता आमच्या अटी. 15 दिवसांत प्रत्येक टेबलावर आणि कार्डावर नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. नोंदणी नसलेल्या टप्प्यांची बुकिंगं बंद झाली पाहिजेत. कच्च्या पावत्यांवर घेतलेलं टोकन ज्याचं त्याला बँकेतून परत गेलं पाहिजे. मुदत संपल्यावर बोर्डांचे तारीख-वेळेसह फोटो, पावत्यांच्या नकला आणि फोन नंबर यांची फाईल महारेराकडे आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे जाईल. जिथे पैसे लुबाडले गेले तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवायची मागणी करू. स्थावर संपदा कायद्याच्या कलम 31 खालच्या तक्रारीचं 5 हजार रुपयांचं शुल्क ज्या कुटुंबाला भरता येत नाही, त्यांच्यासाठी वर्गणी जमवायला सुरुवात झाली आहे.

आणि या काळात कुणी तक्रारदाराच्या दारात जाऊन दमदाटी केली, तर त्या माणसाचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर असेल.