रुग्णाची कैफियत आणि औषधाची कसोटी

ज्या व्याधीची खूण रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, क्ष-किरण चित्रात उमटत नाही आणि पुष्कळदा रुग्णाच्या मुद्रेवरही दिसत नाही, त्या व्याधीने ग्रासलेल्या माणसाला दुहेरी भोग भोगावे लागतात: एक व्याधीचा, आणि दुसरा ती व्याधी खरी असल्याचे घरी, कचेरीत व दवाखान्यात नित्य शाबीत करीत राहण्याचा. वैद्यकशास्त्र जिला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणते आणि जिला येथे दीर्घ थकव्याचा आजार म्हटले आहे, ती याच जातीची व्याधी होय. चिकुनगुन्याच्या एका तापानंतर मी तिच्या तावडीत सापडलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही. परंतु ज्याचे हित गुंतलेले आहे त्यालाही पुराव्याचा नियम पाळता येतो, किंबहुना त्यानेच तो अधिक कटाक्षाने पाळला पाहिजे, असे माझे मत आहे.

या आजाराचे स्वरूप प्रथम नीट ध्यानी घेतले पाहिजे, कारण बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली त्याचे जे निकष सांगितले, त्यांत तीन लक्षणे अनिवार्य आहेत: सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीचे व्यवहार करण्याची शक्ती लक्षणीयरीत्या घटणे, श्रमानंतर प्रकृती ढासळणे, आणि झोपूनही विश्रांती न मिळणे, यांच्या जोडीला बुद्धीचे मांद्य किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी निदान एक असावे लागते. यांतील श्रमोत्तर ऱ्हास हे आजाराचे मर्म आहे. गिरगावातील आमच्या चाळीचा लाकडी जिना भाजीची पिशवी घेऊन मी रविवारी सकाळी चढतो, मधल्या वळणावर कठडा धरून थोडा थांबतो, आणि मग वर पोचतोच, गॅलरीतून हे पाहणाऱ्या शेजारच्या काकू मायेने म्हणतात, "अरे, चेहऱ्यावर तर कुठे काही दिसत नाही, जरा चौपाटीवर फिरून येत जा, बरं वाटेल." सोमवारी, कधी मंगळवारी, घसा ताप येण्यापूर्वी दुखावा तसा दुखू लागतो, मांड्यांत शिसे ओतल्यासारखे होते, आणि वर्तमानपत्रातील एकच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचूनही त्याचा अर्थ हाती लागत नाही. जिना चढणारा मनुष्य साऱ्या चाळीला दिसतो. दोन दिवसांनी खाटेवर पडलेला मनुष्य घरच्यांखेरीज कोणाला दिसत नाही.

परळ, लालबाग, दादर हा टापू गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या कष्टकऱ्यांनी नावारूपाला आणला, आणि श्रमाविषयीचा जो आदर त्यांनी या शहराला दिला तो आमच्या संस्कृतीचा अभिमानास्पद भाग आहे. परंतु जेथे माणसाची किंमत हजेरीपटावरून ठरते, तेथे ज्याला काम झेपत नाही त्याच्याकडे संशयाने पाहण्याची खोडही सहज जडते. आणि "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत" हे वाक्य कागद पाहणाऱ्या डॉक्टरच्या तोंडून निघाले की त्या संशयावर शिक्कामोर्तब होते. हा दोष केवळ आपला आहे असेही नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली अशाच आजाराची साथ उद्भवून तेथील पावणेतीनशेहून अधिक कर्मचारी आजारी पडले होते. पुढे १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, तो सारा प्रकार सामूहिक उन्मादाचा असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्या मताची छाया पुढील कित्येक वर्षे रुग्णांवर पडून राहिली.

आश्चर्य हे, की रुग्णाच्या शब्दाविषयी इतकी साशंक असणारी आपली बुद्धी उपचाराच्या दाव्यापुढे मात्र एकदम नरमते. ज्याच्या अशक्तपणावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्यालाच सलाईन लावून घे, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने घे, अमुक टॉनिकचा कोर्स पुरा कर, असे सल्ले चारी बाजूंनी मिळतात, आणि ते देणाऱ्यास कोणी पुरावा विचारीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा क्रम उलटा व्हावा. वेदनेची जबानी देणाऱ्यावर प्रथमदर्शनी विश्वास ठेवावा. आणि वेदना दूर करतो म्हणणाऱ्यास मात्र, मग तो गल्लीतला डॉक्टर असो की विलायतेतील विद्यापीठ, पुराव्याशिवाय सोडू नये.

पुरावा कसा मागावा हे शिकण्यासाठी मुंबईकरास फार दूर जावे लागत नाही. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. परंतु तेवढ्यावर न थांबता, त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचून, त्याच छपराखाली राहणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या पण लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. आजच्या कडक नियमांनी पाहता त्या प्रयोगात उणिवा काढता येतील. तरी ज्याला उपाय मिळाला त्याच्या शेजारी ज्याला मिळाला नाही त्याला उभे केल्याखेरीज उपायाची योग्यता कळत नाही, हे तत्त्व त्यात स्वच्छ दिसते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली गेलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

या तत्त्वाचे मोल आम्हा रुग्णांना नॉर्वेतील एका संशोधनाने शिकवले. रिटुक्सिमॅब नावाच्या औषधाने दीर्घ थकव्याच्या रुग्णांना आराम पडतो, असे बर्गेन येथील संशोधकांना आढळले. त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ३० रुग्णांच्या छोट्या प्रयोगात औषध घेतलेल्या दोन-तृतीयांश रुग्णांस गुण आल्याचे दिसले, आणि जगभरच्या रुग्णांच्या आशा पालवल्या. त्याच संशोधकांनी मग १५१ रुग्ण घेऊन, कोणास औषध व कोणास नुसते द्रावण मिळाले हे रुग्णास वा डॉक्टरास न कळू देता, दोन वर्षे परीक्षा केली. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा औषधाच्या गटात २६ टक्के व नुसत्या द्रावणाच्या गटात ३५ टक्के रुग्णांस गुण आलेला होता. म्हणजे औषध निरुपयोगी ठरले, आणि ज्यांनी आशा निर्माण केली त्यांनीच ते जाहीर केले. तो निकाल कळला तेव्हा मला दुःख झाले. परंतु त्या संशोधकांविषयी मला जो आदर वाटतो तो याच निकालामुळे.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधील 'पेस' या चाचणीचे आहे. ६४१ रुग्णांवरील ही चाचणी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, आणि वर्तनोपचाराने व क्रमाक्रमाने वाढवीत नेलेल्या व्यायामाने रुग्ण सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता. कोणता उपचार चालू आहे हे रुग्णांस ठाऊक होते, आणि मुख्य मोजमाप त्यांनीच भरलेल्या प्रश्नावल्यांचे होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की चाचणीत प्रवेशासाठी शारीरिक क्षमतेचे शंभरापैकी ६५ किंवा त्याहून कमी गुण असावे लागत, आणि 'बरा झाला' म्हणण्यासाठी मूळ आराखड्यात असलेली ८५ गुणांची अट पुढे ६० वर आणली गेली. म्हणजे ६५ गुणांवर आजारी म्हणून दाखल झालेला मनुष्य ६० वर घसरला, तरी त्या एका निकषापुरता तो बरा ठरू शकत होता. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मूळ आकडे मागितले. चाचणीशी संबंधित विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१६ साली आकडे खुले करण्याचा हुकूम झाला. मूळ आराखड्याप्रमाणे फेरहिशेब केल्यावर बरे होण्याच्या प्रमाणातील अर्थपूर्ण फरक उरला नाही, आणि ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत वाढत्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. श्रमानेच ज्याची प्रकृती ढासळते त्यास श्रम वाढवण्याचा सल्ला मधल्या काळात किती दवाखान्यांतून दिला गेला असेल, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

संशोधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात १८ ते ५० वर्षे वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळच्या थकव्याची तक्रार सांगितली. कर्ज, उपासमार, नवऱ्याकडून होणारा अत्याचार आणि मानसिक क्लेश यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध आढळला. २००५ साली प्रसिद्ध झालेले हे काम मोलाचे आहे, कारण आपल्या घराघरांतील बायकांच्या मुकाट थकव्याची त्याने दप्तरी नोंद केली. परंतु त्यात थकव्याची तक्रार मोजली होती, वर सांगितलेला विशिष्ट आजार नव्हे. आणि पाहणी एकाच वेळची असल्याने दैन्यामुळे थकवा आला की थकव्यामुळे दैन्य वाढले, हे तीवरून ठरत नाही. ऑस्ट्रेलियातील डब्बो परगण्यात २५३ रुग्णांचा संसर्गाच्या आरंभापासून पाठपुरावा झाला; त्यांत चिकुनगुन्याच्याच कुळातील रॉस रिव्हर विषाणूचे रुग्णही होते. सहा महिन्यांनंतर १२ टक्के रुग्ण खिळवून ठेवणाऱ्या थकव्याने आजारीच होते, आणि मूळ ताप किती तीव्र होता यावर ते प्रामुख्याने अवलंबून असल्याचे दिसले. पूर्वीच्या मनःस्थितीवरून त्याचा अंदाज बांधता येत नव्हता. दोन्ही अभ्यासांत योगायोगाने १२ चा आकडा आहे, म्हणून त्यांची एकत्र मोट बांधून 'थकवा मनाचा असतो' असा मथळा देणे हा दोन्ही अभ्यासांवर अन्याय होय.

यावरून काही तजवीज सुचते. डेंग्यू, चिकुनगुन्या, लेप्टो यांचे रुग्ण मुंबईच्या रुग्णालयांत दर पावसाळ्यात येतात. करोनाच्या साथीत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांनी करोनोत्तर तक्रारींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडले होते. त्याच धर्तीवर केईएम, नायर आणि शीव येथे तापातून उठलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करणारी नोंदवही ठेवावी, आणि केसपेपरवर "श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकृती कशी असते?" हा प्रश्न छापावा. त्याला खर्च जवळजवळ काही नाही, आणि डब्बोने जे केले ते येथे होऊ शकेल. नोकरी देणाऱ्यांनी बैठे काम, सोयीच्या वेळा आणि मुदतीची रजा देताना रक्ताच्या अहवालाचीच अट घालू नये. कुटुंबीयांनी, विशेषतः घरच्या बाईने थकल्याचे सांगितले तर, ते ऐकून तिच्या वाटचे काम उचलावे.

आम्हा रुग्णांवरही एक जबाबदारी आहे. आमच्या कैफियतीवर विश्वास ठेवा असे जगास सांगायचे, तर आमच्या आशेवर अंधविश्वास ठेवण्याचा हक्क आम्ही सोडला पाहिजे. कोणत्याही उपायाच्या वार्तेस आम्ही हे प्रश्न विचारले पाहिजेत: रुग्ण कोणत्या निकषाने निवडले, तुलना कोणाशी केली, बरे होण्याची व्याख्या आधी ठरवली की नंतर, आणि उपचारानंतर मनुष्य खरोखर काय करू लागला. प्रश्न विचारणारा रुग्ण वैद्यकाचा शत्रू नसतो. 'पेस'चे आकडे उघड करवून घेणारा मनुष्य स्वतः आजारी असूनही त्याने शास्त्राचीच सेवा केली. आजारी माणसाच्या शब्दास मान आणि उपचाराच्या दाव्यास कसोटी, या दोन्ही गोष्टी ज्या दवाखान्यात एकत्र नांदतील तेथेच या आजाराचा खरा तपास सुरू होईल, आणि तो परळच्या टेकडीच्या पायथ्याशी सुरू व्हावा एवढी योग्यता या शहराच्या परंपरेत निश्चितच आहे.