समुद्रात उतरण्याचा परवाना

लक्षद्वीपला जायचे तर आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. त्यासाठी ओळखपत्र, फोटो, अर्ज असे सारे पर्यटक काळजीपूर्वक जमवतात. तेच पर्यटक स्कूबा डायव्हिंगपूर्वी हातात आलेला आरोग्याचा फॉर्म मात्र न वाचताच भरून टाकतात. दमा? नाही. फिट्स? नाही. हृदयविकार, रक्तदाब, कानाचे ऑपरेशन? नाही, नाही, नाही. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतलेली असते; पण ‘हो’ लिहिले तर हौस राहून जाईल, अशी भीती वाटते. या खोट्या ‘नाही’ची किंमत कधी माणूस मोजतो, तर कधी प्रवाळ.

अगत्तीहून होडीने गाठता येणारे बंगाराम हे एक चौरस किलोमीटरपेक्षाही लहान प्रवाळबेट. त्याचे खरे वैभव पाण्याखाली आहे. तिथे पोपट मासे प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातात, तर हिरवी कासवे संथपणे पोहत असतात. हे पाहण्याची ओढ वाटणे स्वाभाविकच आहे. नीट शिकून, निरोगी शरीराने केलेले डायव्हिंग हा बऱ्यापैकी सुरक्षित छंदही आहे. अट इतकीच, की पाण्याचे नियम पाळायला हवेत.

पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. त्या वेळी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हा धोका अगदी दीड-दोन मीटर खोलीवरही असतो. म्हणूनच ‘उथळच तर आहे’ हे समाधान फसवे ठरते. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावून हवा आत अडकू शकते. त्यामुळे फॉर्ममधला दम्याचा प्रश्न केवळ औपचारिक नसतो.

पन्नाशीनंतर हृदयाचा प्रश्नही महत्त्वाचा होतो. पाण्यात शिरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले, तर आजवर गप्प असलेला हृदयविकार नेमका तिथे डोके वर काढतो.

तिसरी गोष्ट परतीच्या विमानाची. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नत्रवायू हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसले, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरपणा, क्वचित अर्धांगवायूही होऊ शकतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाले असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचे मार्गदर्शन आहे. सकाळी शेवटची डुबकी आणि दुपारी अगत्तीहून कोचीचे विमान, हा बेत सोयीचा दिसला तरी आखू नये. बेटापासून कोची साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, हेही विसरू नये.

यात प्रवाळाचा संबंध येतो कुठे? श्वास चुकला की पाण्यातला तोल जातो. तोल गेलेला माणूस मिळेल ते धरतो, पायांतले फिन्स आपटतो, वाळू उडवतो. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. एका लाथेने अनेक वर्षांची वाढ मोडते. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापल्याने पांढरे पडण्याचे मोठे तडाखे सोसले आहेत. आजारातून उठणाऱ्या रुग्णाला धक्के देऊ नयेत, इतके तर कोणालाही कळते. कासवाच्या मागे धावणेही तसेच. तेही हवेवरच जगते. वर येऊन श्वास घेण्याची त्याची वाट अडवणे हा खेळ नव्हे. प्रवाळ आणि हिरवे कासव या दोघांनाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते उगाच नाही.

म्हणून आरोग्याचा फॉर्म आयत्या वेळी किनाऱ्यावर नव्हे, तर बुकिंगच्या वेळीच पर्यटकाच्या हाती पडला पाहिजे. ‘हो’ म्हणजे नकार नव्हे. डॉक्टरांकडून तपासून या, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्याने आधी उथळ पाण्यात श्वास आणि तोल सांभाळण्याचा सराव करावा, मगच प्रवाळाजवळ जावे. आणि ज्याच्या तब्येतीला डायव्हिंग मानवणार नाही, त्याला काचेच्या तळाच्या होडीतूनही प्रवाळ पाहता येतात. त्यात कमीपणा कसला?

बेटावर पाऊल ठेवण्याचा परवाना प्रशासन देते. समुद्रात उतरण्याचा परवाना मात्र ज्याने त्याने आपल्या शरीराकडूनच मिळवायचा असतो, आणि तो खोटी माहिती भरून मिळत नाही.