गल्ला भरतो, पण नफा उरतो का?



आपल्या मंडळातली तरुण पोरं भेटली की दोन प्रश्न हमखास निघतात. हैदराबाद-पुण्याला नुकतेच नोकरीला लागलेले विचारतात, "डी-मार्टमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसते. शेअर घेऊन टाकू का?" आणि ज्यांचं हुमनाबादला घरचं किराणा दुकान आहे ते विचारतात, "आप्पांना दुकान चालवू द्यावं, की बंद करा म्हणावं?" प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींचा हिशोब एकाच पद्धतीनं करता येतो. म्हणून या वेळी डी-मार्टचा ताळेबंद उघडून बसू.

अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स ही त्यामागची कंपनी. राधाकिशन दमानींनी २००२ साली मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं. मार्च २०२५ अखेर दुकानं झाली ४१५. २०२४-२५ या वर्षात मूळ कंपनीची विक्री सुमारे ५७,८०० कोटी रुपये आणि निव्वळ नफा सुमारे २,९०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये. त्या शंभरातले ८५ रुपये मालाच्या खरेदीतच जातात. उरलेल्या पंधरात पगार, वीज, घसारा, कर, सगळं भागवायचं.

पाच टक्के ऐकून आपला दुकानदार हसेल. पण किराण्यात खरी कमाई टक्क्यात नसते, फिरतीत असते. समजा, दुकानात ५ लाखांचा माल आहे आणि खर्च वजा जाता शंभरामागे ५ रुपये उरतात. एवढाच माल वर्षात सहा वेळा विकला गेला तर ३० लाखांची विक्री आणि दीड लाख नफा. बारा वेळा विकला गेला तर ६० लाखांची विक्री आणि ३ लाख नफा. भांडवल तेवढंच, नफा दुप्पट. डी-मार्टचा माल साधारण महिन्याभरात फिरतो. माल पुरवणाऱ्यांचे पैसेही ते आठवड्याभराच्या आसपास चुकते करतात, त्यामुळे भाव पाडून मिळतो. तोच स्वस्त भाव गिऱ्हाइकाला ओढतो आणि फिरत आणखी वाढते.

दुसरी गोष्ट जागेची. डी-मार्ट शक्यतो जागा विकत घेतं. याउलट बिग बाजार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलची बहुतेक दुकानं भाड्याची होती आणि डोक्यावर कर्जही मोठं होतं. कोरोनात विक्री थांबली, भाडी थकली. अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सनं ती दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बिग बाजारात गर्दी कमी होती का? सणासुदीला रांगा लागायच्या. गर्दी विक्री दाखवते. नफा आणि देणी ती दाखवत नाही.

पण स्वतःची जागा फुकट नसते. त्यात पैसा अडकतो. म्हणून मालकांनी घातलेल्या एकूण पैशावर वर्षाला किती सुटलं हे बघायचं. २०२४-२५ मध्ये डी-मार्टचा तो आकडा १३-१४ टक्क्यांच्या आसपास होता. चांगला आहे, अचाट नाही.

आणखी दोन ठिकाणी बोट ठेवतो. एक, घरपोच सेवेची उपकंपनी आणि इतर उपकंपन्या धरल्या की नफा २,९०० वरून सुमारे २,७०० कोटींवर येतो. घरपोच किराणा अजून तोट्यातच आहे. म्हणून एकत्रित हिशोब वाचायची सवय लावा. दोन, दर चौरस फुटामागची विक्री. २०१८-१९ मध्ये ती ३५ हजार रुपयांच्या थोडी वर होती. कोरोनात पडली आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा तेवढ्यावरच आली. मधल्या सहा वर्षांत महागाई किती वाढली ते घरात विचारा. दुकानं वाढली म्हणून विक्री वाढली. फुटामागची कमाई जागेवरच आहे.

आता शेअरचं. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ६०० च्या वर उघडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ५,९०० च्या आसपास गेला. तेव्हा भाव वर्षाच्या नफ्याच्या २०० पटींहून जास्त होता. पुढं नफा वाढतच गेला, तरी मार्च २०२५ मध्ये भाव होता ४,१०० च्या आसपास. कंपनी चांगली चालली, पण वरच्या भावात घेणाऱ्याचे पैसे साडेतीन वर्षांनीही वसूल झाले नव्हते. सोनं खरं असलं तरी भाव न विचारता कुणी घेतं का?

आता आप्पांचं दुकान. तिथंही हेच प्रश्न विचारा. माल वर्षात किती वेळा फिरतो? कपाटात दोन वर्षं पडलेला डबा म्हणजे अडकलेला पैसा. उधारी किती दिवसांनी येते? डी-मार्ट कुणाला वहीवर देत नाही. आपण देतो, म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडे येतं. ती आपली ताकद आहे, पण वसुली होत असेल तरच. आणि शेवटचा, अवघड प्रश्न: घरच्या जागेचं भाडं आणि दुकानात राबणाऱ्या आप्पांचा, आईचा पगार धरला तर काय उरतं? बहुतेक घरांत हे दोन खर्च वहीत कधी चढतच नाहीत.

पगार-भाडं धरूनही काही उरत असेल, तर पुण्याहून फोन करून "बंद करा" म्हणू नका. उरत नसेल तर आधी उधारी आणि पडीक माल कमी करून सहा महिने बघा. मग सगळ्यांनी बसून ठरवा. आप्पांनी त्याच दुकानावर तुमची फी भरली आहे. निर्णयात त्यांचा शब्द पहिला.

दिवाळीला गावी जाल तेव्हा एका महिन्याची वही मागून घ्या आणि आप्पांच्या शेजारी बसून हे आकडे काढा. पुढच्या अंकात घरासाठी कर्ज काढावं की भाड्यानं राहावं, याचा हिशोब करू.