अब्बांना भीती वाटते, हे कुणाला ठाऊक आहे?

खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं, ते सगळ्यांना आठवतं. पण त्या आठवड्यात आपल्या घरांत काय झालं? मी ज्या घरांत जातो-येतो, तिथे अब्बा ओरडत होते. मोबाइल हिसकावून घेतले, स्टेटस पुसायला लावले. ‘उद्या नाक्यावर दिसलास तर तंगडं मोडीन.’

ती निव्वळ भीती होती. पण आपल्याकडे बापाला भीती वाटतच नसते ना! पोरांनी आपल्याला घाबरलेलं पाहिलं तर मान काय राहिला, असं त्याला वाटतं. गॅरेजवर, फळांच्या गाड्यावर दिवसभर खाली मान घालून ऐकून घेतलेलं असतं. ताठ मानेनं बसायला घर एवढी एकच जागा उरलेली. मला या माणसाचा राग येत नाही. पण त्याचं हे सांभाळणं मुलांच्या अंगावर येतं.

मुलगा अब्बांचा मूड ओळखायला शिकतो. गाडी स्टँडवर लावल्याच्या आवाजावरून त्याला कळतं, आज बोलायचं की नाही. मग ‘अम्मी, तुम बोलो ना अब्बाकू.’ (अम्मीचा मूड कोण बघतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) उद्या कुणी त्याच्या नावानं खोटं अकाउंट काढून भलतंच काही टाकलं, तर ते सगळ्यात आधी घरी कळायला हवं, म्हणजे वकील गाठता येईल, पोलिसांत तक्रार देता येईल. तो मात्र मित्राला सांगेल, नाहीतर कुणालाच नाही. ज्या संकटाच्या भीतीनं एवढा धाक घातला, ते खरंच आलं की हाच धाक मुलाचं तोंड बंद करतो.

सूरह यूसुफची सुरुवात आठवा. मुलगा स्वप्न सांगायला थेट वडिलांकडे जातो. याकूब अलैहिस्सलाम यांना त्यातला धोका लगेच कळतो. ते दटावत नाहीत. लाडानं हाक मारून सांगतात, भावांना हे सांगू नकोस. आणि का, तेही सांगतात. काय कुणाला सांगावं याची इतकी साधी शिकवण! पुढे तोच मुलगा दुरावल्यावर दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले. घरातल्या मुलांना ते दिसत होतं, मुलं त्यावरून बोलतही होती. आपण जुम्म्याच्या बयानात याकूबांचा सब्र पुष्कळ ऐकतो, त्यांचे अश्रू क्वचितच.

तुमच्यापैकी काहींना आता स्वतःची मुलं आहेत. मोबाइल हिसकावायला हात पुढे जाईल तेव्हा आपल्या दखनीत चारच शब्द लागतात: मेरेकू डर लगता, बेटा. मग पुसेसावळीत काय झालं ते त्याला शेजारी बसवून सांगा.