शाळेचें दुपारचें जेवण व आपण जमीनधारक

आपल्या गांवोगांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारीं जी खिचडी शिजते, तिजविषयीं जमीनधारक मंडळींत चालणारें बोलणें आम्हीं चावडीवर, सोसायटीच्या कचेरींत व लग्नाच्या मांडवांत पुष्कळ वेळां ऐकलें आहे. सरकारनें फुकट खाऊं घालून मजुरांचीं पोरें व त्यांबरोबर मजूरही आळशी केले, असा त्या बोलण्याचा मतलब असतो. बोलणारे गृहस्थ बहुधा सज्जन असतात, व त्यांचीं स्वतःचीं मुलें पिवळ्या मोटारींतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जात असतात. या समजुतीचा थोडा समाचार घेणें आम्हांस जरूर वाटतें.

फुकट हा शब्द आपण जपून वापरावा हें बरें. एप्रिल २०२४ पासून राज्यांतील साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत झाली. केंद्र सरकारचे वर्षास सहा हजार रुपये आपल्या खात्यांत जमा होतात, आणि २०२३ पासून राज्य सरकारचेही तितकेच मिळूं लागले. खताच्या पोत्याची खरी किंमत आपण देत नाहीं. शेतीचा धंदा ज्या अडचणींत आहे ती पाहतां यांत गैर कांहीं नाहीं, असेंच आमचें मत आहे. परंतु ज्याच्या विहिरीवरील विजेचें बिल सरकार भरतें, त्यानें सहा वर्षांच्या पोराच्या शंभर ग्रॅम तांदळाचा हिशेब मागावा, हें शोभत नाहीं.

तो हिशेबही एकदां पाहून घ्यावा. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ही योजना सुरू झाली तेव्हां आपल्याकडे शिजवलेलें अन्न मिळत नसे. शेंकडा ८० हजेरी भरल्यास मुलामागें महिना तीन किलो तांदूळ घरीं मिळे. तो घरच्या डब्यांत पडे, सर्वांच्या वांट्यास घास घास येई, आणि ज्याच्या नांवें तो आला त्या मुलाची शाळेंतील दुपार उपाशीच जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलेंच अन्न द्यावें असा हुकूम केला, व २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्क ठरला. पांचवीपर्यंतच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, असें केंद्राचें प्रमाण. वाचकांनीं आपल्या घरच्या ताटाशीं हें ताडून पाहावें.

आम्हीं उभी हयात महसूल खात्यांत कारकुनी केली. टंचाईच्या सालांत पैसेवारीचे तक्ते, पंचनामे व याद्या यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आमच्या हातांखालून गेले. सातबारा ज्याच्या नांवें, त्याचें नांव यादींत येतें. भूमिहीन मजूर त्या यादींत शोधूनही सांपडत नाहीं. त्याच्या मुलास अर्ज, दाखला व पंचनामा यांवांचून पोंचणारी मदत आमच्या पाहण्यांत एकच, ती शाळेच्या पातेल्यांतली. १३ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतही हें जेवण द्यावें असें बजावलें, तें यथायोग्यच होतें.

आणि हा मजूर कोण? खुरपणीच्या व कापूस वेंचणीच्या दिवसांत जी बाई सकाळीं आठ वाजतां आपल्या बांधावर हजर असावी असा आपला आग्रह असतो, तिचेंच हें मूल. दुपारीं त्यास घरीं कोण वाढणार? ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुलास आजीपाशीं ठेवावें कीं कोयत्याबरोबर न्यावें, याचा निर्णय करतांना एका वेळच्या ताज्या जेवणाची खात्री हें लहान कारण नव्हे.

खिचडी पातळ असते, तींत डाळ दिसत नाहीं, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि लहान गांवीं ती अधिकच खरी. पैसा डोईप्रमाणें येतो. परंतु अठरा मुलांची चूल साठ मुलांच्या चुलीहून फारसें कमी जळण खात नाहीं. पंचवीस मुलांपर्यंत स्वयंपाकीण एकच. पाणी, शिजवणें, वाढणें, भांडीं घासणें सर्व तिजकडे, आणि ती आजारी पडली कीं शाळा उपाशी. तिचें मानधन केंद्रानें २००९ सालीं दरमहा एक हजार रुपये, तेंही वर्षांतून दहा महिने, असें ठरविलें व पुढें कैक वर्षें त्यांत पै वाढविली नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें आठवड्यास एक अंडें, न खाणाऱ्यास केळें, देण्याचें ठरविलें. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा निधी बंद करून लोकसहभागांतून पाहावें असें कळविलें. खेड्यांत लोकसहभाग म्हणजे दुसरें कोण? आपणच.

तो भार केवढा? वीस मुलांच्या शाळेस दिवसास भाजी लागते एक किलो, डाळ चारशें ग्रॅम, आणि आठवड्यास अंडीं वीस. भाव पडला कीं टोमॅटोच्या पाट्या आपण रस्त्याच्या कडेस ओततों, त्या गांवांत एक किलो भाजीची वानवा असावी, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. सोसायटीच्या प्रत्येक सभासदानें पाळीनें एक आठवडा वांटून घेतल्यास कोणास जड जाणार नाहीं. बाजारांत न खपलेला किडका माल मात्र शाळेंत पाठवूं नये, व भोपळा देतांना तसबीर काढून घेण्याचा सोसही आवरावा. स्वयंपाकीण कोणत्या जातीची हें विचारून मुलास घरचा डबा देणारे पालक अद्याप आहेत. त्यांची समजूत आपल्यापैकींच वजनदार माणसांनीं पंगतींत बसून घालावी, मास्तरांच्या गळ्यांत तें काम टाकूं नये. योजना आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीचीं मुलें जेथें त्याच आवारांत बसतात तेथें तीं दुसऱ्यांचीं ताटें पाहात बसतात, त्यांचाही विचार होणें अगत्याचें आहे.

येत्या वार्षिक सभेंत हा विषय पत्रिकेवर घ्यावा अशी आमची चालकांस विनंती आहे. पाळीची यादी जूनपूर्वीं शाळेंत लावावी, आणि भाजी सकाळीं नऊच्या आंत पोंचती करावी. त्यानंतर आलेली चुलीवर चढत नाहीं.