थरांचा कल आणि मंजुरीची टिपणी

झिरकपूरहून शिमल्याकडे जाणारा महामार्ग परवाणूच्या पुढे वालुकाश्म आणि शेल यांचे थर कापीत चढतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चक्की मोड येथे तो पावसानेच खचला. भूकंपाची कसोटी याहून कठोर असेल. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २० हजार माणसे दगावली होती.

उताराची लहान प्रतिकृती कंपन-मंचावर हादरवून प्रयोगशाळेत चाचण्या होतात. त्यांत हादरा बहुधा पायथ्याकडून माथ्याकडे वाढत जाताना दिसतो. थर रस्त्याकडे कललेले असतील, तर मधल्या मऊ थरावरून वरचा खडक घसरतो. डोंगराच्या आत कललेले असतील, तर माथ्याशी भेगा पडून तो पुढे उलथतो. म्हणजेच एकाच रस्त्याच्या दोन वळणांवर धोका निराळा असतो.

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक वळणावरील थरांच्या कलाचा भूवैज्ञानिक अहवाल जोडल्याखेरीज डोंगर कापण्यास मंजुरी देऊ नये. त्यामुळे भूसंपादन वाढेल, कामही लांबेल. परंतु भूकंपानंतर सोलन-शिमल्याला मैदानातून मदत न्यायची ती याच रस्त्याने. तोच दरडीखाली गेला, तर वाचवलेला खर्च कोणाच्या हिशेबी मांडणार?